पणजोबांचा रेल्वेचा शेअर आणि शेताच्या कोपऱ्यातून गेलेली नवी लाईन

प्रश्न: माझे पणजोबा बार्शीत कापसाचे अडते होते. बार्शी लाईट रेल्वे यावी म्हणून त्यांनी व्यापाऱ्यांच्या सह्या गोळा केल्या, कुर्डुवाडीच्या रस्त्याने कापसाच्या किती गाड्या जातात याचे आकडे काढून दिले. घरच्या पेटीत तीन कागद सापडले. एक, त्या कंपनीच्या शेअरचा दाखला. दुसरा, रेल्वेसाठी खटपट करणाऱ्या मुंबईच्या एका दलालाचं पत्र. ‘रेल्वे झाली की तुमच्या वखारीला सायडिंग मिळेल आणि चढणाऱ्या मालावर काही आणे दस्तुरी (दलाली) मिळेल’ असं त्यात आहे. तिसरा, आमची दोन एकर जमीन रेल्वेला गेल्याचा मोडीतला कागद. एक गृहस्थ म्हणतात की प्रवर्तकाचे वारस म्हणून आम्हाला रेल्वेकडून कोट्यवधी रुपये मिळतील. त्यासाठी ते पन्नास हजार रुपये आणि कुलमुखत्यारपत्र मागतात. चुलतभाऊ म्हणतो, नॅरोगेजचे रूळ उखडले, ती पट्टी आपणच नांगरू. ब्रॉडगेज झाली तेव्हा नवी लाईन आमच्या दुसऱ्या शेताच्या कोपऱ्यातून गेली. वडिलांना त्याचंही काही मिळालं नव्हतं, पण ते जाऊ द्या. आमचा हक्क नेमका कशावर आहे?

उत्तर: ‘पण ते जाऊ द्या’ असं तुम्ही ज्याबद्दल लिहिलंत, तुमच्या अख्ख्या पत्रात जीव असलेला दावा तेवढाच आहे. त्याकडे येतोच. आधी पेटीतल्या कागदांचं बोलू, कारण त्यांच्या नादी लागून तुमचे पन्नास हजार जायला नकोत. पैसे देऊ नका, कुलमुखत्यारपत्रावर सही करू नका आणि अस्सल कागद कुणाच्या हाती देऊ नका.

तुमच्या पणजोबांनी जे केलं त्याचं मोल मला कमी वाटत नाही. त्या काळात रेल्वे कुणी वरून आणून ठेवत नव्हतं, ती मागून, पटवून, आकडे मांडून आणावी लागे. मुंबईत 1845 मध्ये नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी हेच केलं. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला 1849 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने अस्तित्व मिळालं, भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी मिळाली आणि 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. तो लोहमार्ग सोलापूरकडे गेला तेव्हा बार्शी बाजूला राहिली. एवढी मोठी कापसाची पेठ, आणि माल बैलगाडीने स्टेशनापर्यंत न्यायचा. ती उणीव भरून काढायचा ध्यास एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने घेतला. तो आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्याच नोकरीत होता. 1895 मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये अडीच फुटी गेजवर बार्शीची गाडी धावू लागली. पुढे हीच लाईन पंढरपूर, लातूर आणि शेवटी 1927 मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. अशा उभारणीत इंजिनिअर आणि लंडनचे भांडवलदार जितके लागतात तितकीच ‘या रस्त्याने इतका माल जातो’ हे खात्रीने सांगणारी स्थानिक माणसंही लागतात. तुमचे पणजोबा त्यांपैकी होते.

पण कायद्याच्या दृष्टीने प्रवर्तक म्हणजे मालक नव्हे. कंपनी जन्माला घालण्यासाठी जो धडपडतो तो प्रवर्तक. कंपनी नोंदली गेली की ती स्वतंत्र व्यक्ती होते आणि तिच्या जन्माआधी कुणी दिलेला शब्द तिच्यावर आपोआप बांधला जात नाही. केल्नर विरुद्ध बॅक्स्टर या 1866 च्या इंग्लिश निवाड्यापासून हे ठरलेलं आहे. नोंदणीआधी केलेल्या कराराला, करणाराच व्यक्तिशः जबाबदार राहतो. आपल्याकडे 1877 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याने थोडी वाट मोकळी केली. प्रवर्तकांनी कंपनीसाठी केलेला आणि तिच्या स्थापनेच्या अटींत बसणारा करार कंपनीविरुद्ध किंवा कंपनीतर्फे अंमलात आणता येऊ लागला. 1963 च्या कायद्यात तर कंपनीने तो करार स्वीकारून समोरच्याला तसं कळवलं पाहिजे, हेही लिहिलं आहे. तुमच्याकडचं पत्र दलालाचं आहे. कंपनीने ते स्वीकारल्याचा एकही कागद नाही. आणि समजा असता, तरी करारभंगाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. दस्तुरी थकली असेल तर ती पणजोबांच्या हयातीतच मागायला हवी होती. प्रवर्तकाच्या वारसांना रेल्वेत आपोआप वाटा, असा कायदा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

शेअरचं असं, की शेअर घेणारा कंपनीचा भागधारक होतो, कंपनीच्या रुळांचा, डब्यांचा आणि जमिनीचा मालक होत नाही. सॉलोमन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनी आणि भागधारक वेगळे असल्याचं ठामपणे सांगितलं ते 1896 मध्ये, तुमची गाडी सुरू होण्याच्या आदल्या वर्षी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बाचा गझदर प्रकरणात 1954 मध्ये हेच म्हटलं: कंपनीच्या मालमत्तेत भागधारकाचा हिस्सा नसतो, त्याला लाभांशाचा आणि कंपनी गुंडाळली तर उरल्यासुरल्या रकमेतल्या वाट्याचा हक्क असतो. बार्शी लाईट रेल्वे 1 जानेवारी 1954 ला भारत सरकारने घेतली. तो व्यवहार कंपनीशी होता, एकेका भागधारकाशी नव्हे. भागधारकाने आपला वाटा मागायचा तो कंपनीकडे, आणि ती लंडनला नोंदलेली. इंग्लंडच्या कायद्यात विसर्जित कंपनीची बेवारस राहिलेली मालमत्ता राजसत्तेकडे जमा होते. दावा न केलेल्या लाभांशाचा आपल्याकडचा गुंतवणूकदार निधी भारतीय कंपन्यांसाठी आहे, तिथे अर्ज करून हाती काही लागणार नाही. शिवाय तो शेअर पणजोबांनी नंतर विकलाही असेल, कारण मालकी ठरते ती कंपनीच्या नोंदवहीवरून, पेटीतल्या दाखल्यावरून नव्हे.

दाखल्याला संग्राहक मात्र विचारतील. तसं झालं तर एवढं पाळा: परदेशातल्या कुणाला तो पोस्टाने पाठवू नका. 1972 च्या पुरावशेष कायद्यात पंचाहत्तर वर्षांहून जुना ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवजसुद्धा पुरावशेष धरला जातो आणि असा ऐवज खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. माझं मन विचाराल तर हे तिन्ही कागद नीट स्कॅन करून ठेवा, आणि पत्राची प्रत मुंबईच्या पुराभिलेखागाराला द्या. रेल्वेच्या इतिहासात साहेबांची नावं भरपूर आहेत. आपल्या पेठेतल्या माणसाने काय केलं याचा कागद क्वचित मिळतो.

आता ती दोन एकर. मोडीतला कागद जाणकाराकडून वाचून घ्या, पण निवाडा, म्हणजे संपादनाचा आणि मोबदल्याचा सरकारी आदेश, झालेला असेल तर निष्कर्ष बदलणार नाही. 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 16 प्रमाणे निवाडा होऊन ताबा घेतला की जमीन कोणत्याही बोजाविना कायमची सरकारची होते. पुढे ती ज्या कामासाठी घेतली ते काम उरलं नाही म्हणून ती मूळ मालकाकडे परत येत नाही. चंद्रगौडा रामगोंडा पाटील विरुद्ध महाराष्ट्र शासन या 1996 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने अगदी हीच मागणी फेटाळली आहे. 2013 च्या नव्या कायद्यातलं कलम 101 लोक हल्ली सर्रास दाखवतात, पाच वर्षं न वापरलेली जमीन परत मिळते म्हणून. ते कलम त्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनींसाठी आहे, आणि तुमच्या जमिनीवर तर पिढ्यान्‌पिढ्या गाडी धावली.

म्हणून चुलतभावाला थांबवा. रूळ उखडले तरी पट्टी रेल्वेचीच आहे. तिथे नांगर घातला तर रेल्वे कायद्याखाली अतिक्रमणाचा गुन्हा आणि सार्वजनिक जागेतून हुसकावण्याची कारवाई, दोन्ही मागे लागतील. ‘बारा वर्षं कसली की आपली’ हे सरकारी जमिनीला लागू नाही. सरकारला दावा लावायला तीस वर्षांची मुदत आहे. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव दिसत असेल तरी हुरळून जाऊ नका. पूर्वी संपादन झालं पण क्षेत्रातला बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक, म्हणजे कजाप, झालंच नाही अशी प्रकरणं खूप आहेत. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही.

आता त्या कोपऱ्याबद्दल, आणि इथे मला तुमची खरी काळजी वाटते. कुर्डुवाडी ते लातूर हा भाग 2008 पर्यंत ब्रॉडगेज झाला आणि काही ठिकाणी मार्गच बदलला. म्हणजे तुमच्या शेतातून नवीन जमीन गेली ती तुमच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत. तेव्हाही 1894 चाच कायदा लागू होता. ‘काही मिळालं नाही’ याचे तीन अर्थ होऊ शकतात, आणि प्रत्येकाची वाट निराळी आहे.

निवाडा झाला, रक्कम ठरली, पण वारसांची नावं लागली नव्हती किंवा वाटणीचा वाद होता म्हणून ती उचलली गेली नाही, असं झालं असेल तर ती रक्कम कलम 31 खाली न्यायालयात जमा केलेली असू शकते. असे पैसे वर्षानुवर्षं पडून असतात. वारस दाखला घेऊन ते काढता येतात. पैसे जमाही केले नसतील तर कलम 34 प्रमाणे ताब्यापासून पहिल्या वर्षी नऊ आणि पुढे पंधरा टक्के व्याज लागतं. थोडक्या जमिनीची रक्कमही त्याने बरीच फुगते.

निवाडा झाला आणि रक्कम वडिलांनी घेतली पण ती कमी होती, असं निघालं तर वाट अरुंद आहे. वाढीव मोबदल्यासाठी कलम 18 चा अर्ज नोटिशीपासून सहा आठवड्यांत किंवा निवाड्यापासून सहा महिन्यांत, यांतलं जे आधी येईल त्याच्या आत करायचा असतो. ती मुदत गेलेली असणार. संपादन रद्द ठरवून घ्यावं म्हणाल तर 2020 च्या इंदूर विकास प्राधिकरण निवाड्याने तोही मार्ग जवळपास बंद केला आहे. ताबा घेतला असेल तर केवळ मोबदला दिला नाही म्हणून संपादन आपोआप रद्द (व्यपगत) होत नाही.

तिसरी शक्यता अशी, की त्या कोपऱ्याचं संपादनच झालेलं नाही. मोजणीत गट चुकला, किंवा ठेकेदाराने आखणीबाहेर भराव टाकला. तसं असेल तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 300-अ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता घेता येत नाही. विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश या 2020 च्या प्रकरणात 1967 च्या सुमारास रस्त्यासाठी संपादनाविना जमीन गेलेल्या एका विधवेला सर्वोच्च न्यायालयाने मोबदला द्यायला लावला. ‘फार उशीर झाला’ आणि ‘आमचाच प्रतिकूल कब्जा झाला’ (म्हणजे दीर्घ ताब्याने जमीन आमचीच झाली) हे सरकारचे दोन्ही बचाव न्यायालयाने धुडकावले. मात्र त्या निवाड्याच्या भरवशावर आणखी वर्षं घालवू नका, कारण प्रत्येक प्रकरणात न्यायालय उशिराचं कारण विचारतंच.

तिघांतलं कोणतं, हे वकील अंदाजाने सांगू शकत नाही, कागदच सांगतील. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडून त्या गटाचा नकाशा, कजाप आणि आकारबंदाची (गटाचं क्षेत्र आणि आकारणी दाखवणाऱ्या नोंदीची) नक्कल काढा. माहिती अधिकारात दोन अर्ज करा. एक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेला: गट क्रमांक देऊन अधिसूचना, निवाडा, ताबापावती आणि रक्कम जमा केल्याचा तपशील मागा. दुसरा मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाला: त्या ठिकाणचा रेल्वेच्या जमिनीचा हद्द नकाशा मागा. त्याच वेळी तातडीच्या मोजणीचे पैसे भरून शेताची हद्द कायम करून घ्या. निवाड्यातलं क्षेत्र आणि जागेवर गेलेलं क्षेत्र यांत फरक निघाला तर तोच तुमचा पुरावा. वडिलांच्या मागे सगळ्या वारसांची नोंद करून घ्या, बहिणींसह. त्यांची नावं वगळून कुणी अर्ज केला तर पैसे निघायच्या वेळी पुन्हा अडेल.

कागद हाती आले की संपादन न झाल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. दिवाणी दावा लावायचा झाला तर आधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागेल. दोन्ही अर्ज या आठवड्यातच टाका, पोच जपून ठेवा, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील लगेच करा.