मॉड्युलर किचनवाल्याने आगाऊ पैसे घेऊन काम अर्धवट सोडलंय. वकील न लावता ग्राहक आयोगात तक्रार करता येते का?

येते. आमचे दाजी स्वतः वकील आहेत आणि त्यांना हे अजून मान्य नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

माझं प्रकरण कपाटांचं. 1,40,000 आगाऊ घेतले, सांगाडे उभे केले आणि शटर काही येईनात. दाजींचा सल्ला: "व्हॉट्सॲपला कोण विचारतं? निम्म्यावर मिटव आणि मोकळा हो." निम्म्यावर का म्हणून? पैसे पूर्ण दिले होते ना!

मी तारीखवार तक्ता केला. कधी किती दिले, त्यावर समोरचा काय म्हणाला, त्याचा कागद कोणत्या पानावर. सोयीचे तेवढे स्क्रीनशॉट न काढता सगळं चॅट छापलं, कारण मधले मेसेज गाळले की समोरचा तेच पकडतो. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं प्रमाणपत्र, म्हणजे मोबाइलमधलं चॅट पुरावा म्हणून धरलं जावं यासाठीचं. सुनावणीत त्यांचे वकील म्हणाले, ग्राहकाने मध्येच डिझाइन बदललं. मी कागदयादीतला 9 नंबर दाखवला, त्यांच्याच मालकाचा मेसेज: "साहेब शटर रेडी आहेत, गाडी मिळाली की पाठवतो." अध्यक्षांनी विचारलं, शटर तयार होती तर बदललं काय? वकीलसाहेब फाइल चाळत राहिले. मला भाषण करावंच लागलं नाही.

दाजींचं पुढचं पालुपद, "निकाल काय फ्रेम करून लावणार?" 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 72 वाचा म्हणावं. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद, नाहीतर किमान 25,000 दंड, किंवा दोन्ही. दरखास्तीची, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जाची, नोटीस गेली आणि व्याजासकट पैसे जमा झाले.

तुमचं म्हणाल तर, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकानदाराच्या गावी जायची गरज नाही, ऑनलाइनही होते. आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. सक्तीची नाही, पण पोचपावती कामाला येते. लेखी जबाबाला त्यांना 30 दिवस आणि फार तर वर 15, त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही. तडजोड करायचीच असेल तर आयोगासमोर पुरसीस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, देऊन. "तक्रार मागे घ्या, मग देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि हो, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करा. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, त्यावर विसंबू नका, तारखा पडतातच. किचन हॉटेलसाठी असेल तर व्यापारी कारणाचा, म्हणजे धंद्यासाठी घेतलं तर तुम्ही ग्राहक ठरता का हा, मुद्दा निघेल, तेव्हा मात्र वकिलाला विचारूनच जा.