वाचकांचे प्रश्न: गाडी तापली आणि रस्त्यातच थांबली

या वेळी गाडी गरम होण्याबद्दल इतके प्रश्न आलेत की म्हटलं सगळी जागा त्यालाच देऊ, बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. काही प्रश्न जवळपास सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न: चढावर टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. मॅपवर गॅरेज तीन किलोमीटरवर दिसत होतं म्हणून हळूहळू तिथपर्यंत नेली. आता मेकॅनिक म्हणतो हेड उतरवावं लागेल. तीन किलोमीटरमध्ये एवढं काय बिघडतं?

वाईट वाटलं वाचून, कारण नेमकं हेच मी स्वतः केलेलं आहे. माझाही काटा असाच वर गेला होता, मीही म्हटलं आलंच गॅरेज, आणि थोडं पुढे गेल्यावर काटा चक्क खाली आला, पार थंड गाडीचा असतो तिथपर्यंत. मला एवढं हायसं वाटलं की मी उलट स्पीड वाढवला. काटा खाली आला होता तो इंजिन थंड झालं म्हणून नाही, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सगळं गळून गेलं होतं म्हणून. काट्याला तापमान कळवणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, कूलंटच नसेल तर तो नुसत्या हवेत लटकतो आणि काहीही दाखवतो. म्हणजे लाल पट्ट्यापर्यंत गेलेला काटा अचानक खाली पडला तर ती सुटका नाही, तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं.

आता तीन किलोमीटरचं. नीट चालणाऱ्या गाडीत कूलंट साधारण ९० डिग्रीच्या आसपास असतं, थोडं खालीवर. आजकालच्या बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं, ते जास्त तापलं की वाकतं, आणि वाकायला फार लागत नाही, केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट पकड सोडतं. मग कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं नाहीतर ऑइलमध्ये मिसळतं. सायलेन्सरमधून थांबतच नाही असा पांढरा, गोडसर वासाचा धूर, किंवा ऑइल तपासायच्या पट्टीवर (डिपस्टिकवर) दुधट ऑइल, हे दिसलं की गॅस्केट गेलंय असंच धरून चाला. सुरुवातीला फाटलेला असतो एखादा होज पाइप, तो बदलणं अगदी छोटं काम असतं, त्याचं हेड उतरवण्यापर्यंत मोठं काम होतं ते काटा वर गेल्यानंतर आपण जे चालवतो त्यात होतं.

म्हणून काटा नेहमीच्या जागेवरून सरकला की लगेच एसी बंद, काचा खाली, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल. उकाड्यात हे नको वाटतं पण हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता आत खेचून घेतो. पण हे सगळं गॅरेज गाठायला नाही हं, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा गाठायला. वाफ दिसली किंवा काटा लालमध्ये गेला की जागा मिळेल तिथे बाजूला घ्या आणि बंद करा.

प्रश्न: गाडी थांबवल्यावर रेडिएटरची कॅप किती वेळाने उघडायची? आणि गार पाणी ओतलं तर लवकर थंड होईल का? माझ्या भावाचा हात भाजला म्हणून विचारतेय.

भाऊ आता बरा असेल अशी आशा करतो. ताई, कॅप गरम असताना उघडायचीच नाही, कपडा धरून सुद्धा नाही. ती कॅप आतलं प्रेशर धरून ठेवते, बऱ्याच गाड्यांत साधारण १ बार. प्रेशरमुळे आतलं पाणी १०० डिग्रीला उकळत नाही, १२० च्या आसपास जाऊन मगच उकळतं. म्हणजे आत १०० च्या वर गेलेलं पाणी शांत बसलेलं असतं, कॅप उघडली की प्रेशर गेलं आणि ते सगळं एका क्षणात उकळून बाहेर फेकलं जातं, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीलाच प्रेशरचं झाकण असेल तर तिलाही हेच लागू.

निदान अर्धा तास थांबा, जास्त थांबलात तर चांगलंच. बॉनेटच्या कडांतून वाफ येत असेल तर बॉनेटही लगेच वर करू नका. नंतर जाड कपडा घेऊन रेडिएटरच्या वरच्या जाड होज पाइपला दाबून बघायचं. टणक, फुगलेला लागला तर आत प्रेशर आहे, सहज दबला आणि कपड्याशिवाय हात लावता आला तर मग कॅप हळूच थोडीशी फिरवा, सुस्कारा थांबू द्या, मग पूर्ण काढा. फॅनपासून बोटं लांब ठेवा, इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

गार पाणी तापलेल्या इंजिनात अजिबात नको, हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. इंजिनवर बाहेरून पाणी ओतणारे लोक पण दिसतात, तेही नको. थंड झाल्यावर साधं पाणी थोडं थोडं ओता, अडचणीच्या वेळी चालतं, फक्त नंतर सगळं काढून योग्य कूलंट भरून घ्या. आणि ओतलेलं पाणी खालून लगेच गळायला लागलं तर सुरूच करू नका, टोइंगला फोन करा. सांडलेलं कूलंट तसंच सोडू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांना ते विष आहे.

भाजलं तर भाजलेली जागा २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायची. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. चेहरा, डोळे किंवा मोठा भाग भाजला असेल तर गाडी राहू दे तिथेच, आधी दवाखाना.

प्रश्न: रात्री, हायवे, बरोबर लहान मुलगी. मदत यायला तास लागणार होता. गाडीत बसायचं की बाहेर?

बाहेर पडायला जागा असेल तर बाहेर, आणि वाहतुकीपासून लांबच्या बाजूच्या दारातून. वेगाच्या रस्त्यावर उभी गाडी मागून येणाऱ्याला उशिरा कळते. चारही इंडिकेटर लावा, रेलिंगच्या पलीकडे जा, आणि उभं राहायचं ते गाडीच्या पुढे नाही, मागच्या बाजूला थोडं लांब, म्हणजे कोणी धडकलं तर गाडी तुमच्यावर ढकलली जाणार नाही. मागच्यांना इशारा देणारा लाल ट्रँगल ठेवायला रस्त्याच्या कडेने मागे चालत जावं लागतं, तेवढी सुरक्षित जागा नसेल तर तो नाद सोडा. मुलीला कडेवर घ्या किंवा हात सोडू नका. बाहेर पडायला जागाच नसेल तर बेल्ट लावून आत बसा आणि आधी पोलिसांच्या इमर्जन्सी नंबरला फोन करा.

प्रश्न: टोइंगवाल्याला फोनवर काय सांगायचं? मागच्या वेळी त्याने हूक लावून गाडी उचलून नेली, आता गिअरबॉक्स आवाज करतोय. ऑटोमॅटिक आहे.

फोनवर "गाडी बंद पडलीय" एवढंच सांगितलं की जो ट्रक मोकळा असेल तो येतो. गाडीचं मॉडेल, ऑटोमॅटिक की मॅन्युअल, फोर व्हील ड्राइव्ह आहे का, चाकं फिरतात का, हँडब्रेक बटणाचा आहे का, माणसं किती, रस्त्याची कुठली दिशा आणि जवळचा किलोमीटरचा दगड, हे सगळं सांगा आणि लोकेशन पाठवा.

ऑटोमॅटिकला फ्लॅटबेडच मागा, म्हणजे अख्खी गाडी ट्रकवर चढवतात तो. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद ठेवून ड्राइव्हची, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं ती, चाकं रस्त्यावर फिरली की आतले भाग ऑइलशिवाय घासतात. तुमच्या गाडीचं असंच झालं असण्याची शक्यता आहे, गिअरबॉक्सवाल्याला टोइंगचं नक्की सांगा. फोर व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाडीलाही फ्लॅटबेडच. फ्रंट व्हील ड्राइव्ह मॅन्युअल असेल तर पुढची चाकं उचलून नेली तरी चालतं.

मित्राच्या गाडीला दोरी बांधून ओढणं मी तरी सुचवणार नाही. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर पेडल दोन-तीन वेळा दाबल्यावर संपतो, मग पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड.

गाडी ट्रकवर चढण्याआधी चारही बाजूंनी आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, आणि किती किलोमीटरपर्यंत फुकट आहे, विंच (गाडी दोराने ओढून घेणारं यंत्र) लावला तर वेगळे पैसे आहेत का, ते आधीच विचारा.

प्रश्न: फक्त ट्रॅफिकमध्ये गरम होते, हायवेला ठीक. का?

आधी रेडिएटरचा फॅन बघा. वेगात हवा आपोआप लागते, उभ्या गाडीला फॅनच लागतो. फ्यूज, रिले, मोटर, या क्रमाने तपासून घ्या.

प्रश्न: गॅरेजने नुसतं कूलंट भरलं आणि म्हणाले घेऊन जा. न्यावी का?

नको, कूलंट गेलं कुठे ते सापडायला हवं. कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करायला सांगा, हातपंपाने हवा भरतात आणि प्रेशर उतरतंय का बघतात, बाहेरचा लीक असेल तर दिसतो. बाहेर काहीच गळत नसेल तर कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस येतोय का याचीही टेस्ट असते, त्या टेस्टच्या नळीतलं निळं पाणी पिवळं झालं की गॅस्केट गेलंय. दोन्ही टेस्ट तुमच्या समोर करून घ्या.