शेजारच्या काकांची गोळी वडिलांना चालेल का?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, १२ वर्षांपासून डायबेटिस. बीपी १५०/९४ च्या आसपास, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण ८५. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० दिली आहे. शेजारच्या काकांनाही डायबेटिस आहे, पण ते अम्लोडिपिन ५ घेतात. तीच घेतली तर? वडिलांना रोज एक शहाळं लागतं, तेही चालेल ना?
– एक वाचक, देवगड

उत्तर : बीपी दोन्ही गोळ्यांनी उतरतं. फरक पडतो तो त्या ८५ मुळे. हे प्रमाण ३० च्या आत हवं. वर गेलं तर मूत्रपिंडाच्या गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन गळतंय असं समजायचं. (ताप किंवा लघवीचा संसर्ग असतानाही ते वाढतं, म्हणून एकदाच तपासलं असेल तर पुन्हा तपासा.) टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल करते, त्यामुळे आतला दाब उतरून गळती कमी होते. अम्लोडिपिनला हे तितकं जमत नाही. काकांच्या लघवीत अल्ब्युमिन नसेल तर त्यांची गोळीही योग्यच आहे.

खरं तर १५०/९४ ला बऱ्याचदा एका गोळीत भागत नाही. १३०/८० च्या आत आलं नाही, तर डॉक्टर अम्लोडिपिनही जोडतील. तिने घोटे सुजले तर लगेच मूत्रपिंडावर संशय नको. त्या गोळीची ती नेहमीची खोड आहे. रामिप्रिल ही बीपीची दुसरी गोळी मात्र टेल्मिसार्टनच्या जोडीला नको. दोघींचं काम एकच, एकत्र घेतल्या तर पोटॅशियम वाढतं.

गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासाच. क्रिएटिनिन १.० चं १.२ झालं की घाबरून गोळी सोडणारे पुष्कळ. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते, त्यापुढे गेली तर डॉक्टरांना दाखवा.

शहाळं तो रिपोर्ट येईपर्यंत थांबवा. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ही गोळी पोटॅशियम शरीरात अडवते. रिपोर्ट चांगला आला तर अधूनमधून चालेल, पण त्यातली साखर हिशेबात धरा. ‘लो सोडियम’ मिठातही पोटॅशियमच असतं, ते आणू नका. सैंधवाने बीपीला काही फायदा नाही, तेही मीठच.

पावसाळ्यात ताटात सुकट, खारा बांगडा, लोणचं आणि पापड एकत्र आले की गोळीचा जोर निम्मा त्यातच जिरतो. दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. सुकी मासळी भिजवून पाणी फेकलं तरी सगळं मीठ जात नाही.

गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ देऊ नका. बीपी चढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून टेल्मिसार्टन आणि (घेत असतील तर) डायबेटिसची मेटफॉर्मिन तात्पुरत्या थांबवायच्या का ते विचारा. नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर त्या पुन्हा कधी घ्यायच्या, तेही तेव्हाच विचारून ठेवा.