भिंतीचं पंजाएवढं प्लास्टर पडलंय, आतली वीट दिसतेय. त्यात नुसती पुट्टी भरली तर चालेल का?

नाही चालणार. आतल्या भिंतीचं प्लास्टर साधारण 12 ते 15 मिमी जाड असतं, वीट दिसतेय म्हणजे तुमचा खड्डा तेवढा खोल आहेच, आणि वॉल पुट्टी दीडेक मिमीच्या थरासाठी बनवलेली असते. ती एवढी जाड थापली की वाळताना आक्रसते, चिरा पडतात आणि कधीतरी अख्खा थर सुटून खाली येतो. पुट्टी शेवटी, आधी सिमेंट-रेती.

पण त्याच्याही आधी ते पडलं का ते बघा, कारण ओल असेल तर तुम्ही कितीही छान भरा, ते परत पडणारच. खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल आतून येतेय, मग पाइप, बाथरूम, बाहेरची चीर वगैरे आधी शोधा. पांढरी पावडर दिसली तर तो लोणा, तो कोरड्या ब्रशने झाडून काढायचा, धुवायचा नाही, धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीत जातात.

आता खड्ड्याच्या भोवती बोटाच्या पेराने किंवा थापीच्या दांड्याने ठोकत जा. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथलं प्लास्टर विटेपासून सुटलेलं आहे, ते आज ना उद्या येणारच, तेव्हा मन घट्ट करून काढून टाका. भोक मोठं होतंय म्हणून लोक इथेच थांबतात आणि मग नव्या पॅचच्या कडेने गोल चीर पडते ती यामुळेच. कडा छिन्नीने आतल्या बाजूला थोड्या तिरक्या कापा म्हणजे नवीन माल (कालवलेली सिमेंट-रेती) त्यात अडकून बसतो. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत ठोकणार असाल तर मेन स्विच बंद करा, आत वायरिंगचा पाइप असू शकतो. मास्क आणि चष्मा लावा, धूळ खूप उडते.

धूळ ब्रशने काढली की पाणी मारा, आणि हेच काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते, मग सिमेंटला जमायला पाणीच उरत नाही आणि प्लास्टर भुसभुशीत होतं. वीट चांगली भिजवा, पण भरताना वरून पाणी ओघळत नको. मग सिमेंटचं पातळ पाणी ब्रशने फासा आणि ते ओलं असतानाच माल भरा.

माल म्हणजे 1 भाग सिमेंट, 4 भाग चाळलेली बारीक रेती, थापीवरून घसरणार नाही इतकाच ओला. अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा, घट्ट व्हायला लागला की वरून पाणी घालून परत वापरू नका. आणि हातात ग्लोव्हज, सिमेंट कातडी खातं. एका दमात भरायचं नाही, पहिला थर पाऊण खड्ड्यापर्यंत दाबून भरा, त्यावर खिळ्याने आडव्यातिडव्या रेघा ओढा, दुसऱ्या दिवशी पाणी मारून दुसरा थर. तो सरळ पट्टीने जुन्या भिंतीला टेकवून ओढा आणि किंचित खाली ठेवा, पुट्टीला जागा लागते. नंतर आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडा.

पूर्ण वाळलं की पुट्टीचे दोन पातळ हात, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. रंग मात्र त्या ठिगळापुरता मारू नका, जुना डबा असला तरी फरक दिसतोच, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत मारून टाका.

घाई असेल आणि भिंत ठणठणीत कोरडी असेल तर पीओपीनेही (प्लास्टर ऑफ पॅरिस) भरता येतं, पटकन सेट होतं, त्यामुळे थोडं थोडं कालवावं लागतं. फक्त ते सिमेंटमध्ये मिसळू नका, काही जण लवकर सुकावं म्हणून मिसळतात, ओल लागली की ते मिश्रण फुगून फुटतं. भिंत जुनी चुन्याची असेल तर मालही चुन्याचाच, सिमेंट त्यावर नीट टिकत नाही.

आणि हे सगळं भिंतीसाठी झालं. छताचा तुकडा पडून आत गंजलेली सळई दिसत असेल तर हात लावू नका, गंजाने सळई फुगते आणि तीच काँक्रीट ढकलून पाडते, तिथे इंजिनिअरला बोलवा आणि तोवर त्याखाली कोणी झोपू नका.