अर्ज मुलीचा, पासवर्ड वडिलांकडे

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. दहावीला तिला ९४ टक्के होते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचे हे आम्ही तेव्हाच ठरवून तिला इंटिग्रेटेड वर्गाला, म्हणजे कॉलेज आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकत्र असलेल्या वर्गाला, घातले. आता सराव परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून ती ६१ टक्क्यांवर आली आहे. दोन सुट्ट्यांमध्ये ती एका शिक्षकांबरोबर गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी मोजायला गेली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात भूशास्त्र घेऊन बीएससी करण्याचे वेड शिरले आहे. सीईटीचा अर्ज मीच भरला आहे. त्यावर मोबाईल क्रमांक माझा आहे आणि पासवर्डही माझ्याकडेच आहे, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी ती काही गोंधळ करू शकणार नाही. हल्ली ती घरात फारशी बोलत नाही. आवड काय, नंतरही जोपासता येते. आधी इंजिनिअरिंग होऊ दे. शिवाय मुलीच्या जातीला डोंगरदऱ्यांतून हिंडण्याची नोकरी आम्हाला पसंत नाही. भूशास्त्राला स्कोप नाही, हे तुम्ही तज्ज्ञ म्हणून सांगितलेत तर ती ऐकेल. मात्र हे पत्र मी लिहिले आहे, हे तिला कळू देऊ नये.

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची मुलीविषयीची काळजी खरी आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही तुम्ही मागितलेले काम मी करणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. तुमचे नाव आणि गाव मी प्रसिद्ध केलेले नाही. परंतु तिच्या आयुष्याविषयीचा निर्णय तिच्या नकळत घेण्याच्या कामी तज्ज्ञ म्हणून माझे वजन वापरू देणे मला मान्य नाही.

तुमच्या पत्रातील ६१ टक्क्यांनी मला फारसे अस्वस्थ केले नाही. सराव परीक्षा आणि अंतिम परीक्षा यांच्यामध्ये अजून अभ्यासाला वेळ आहे आणि सराव परीक्षेत घसरून पुढे सावरणारी मुले दरवर्षी पाहायला मिळतात. मी थांबले ती दोन वाक्यांपाशी. पासवर्ड तुमच्याकडे असल्यामुळे ती गोंधळ करू शकणार नाही, हे पहिले वाक्य. आणि हल्ली ती घरात फारशी बोलत नाही, हे दुसरे. पत्रात ही दोन्ही वाक्ये तुम्ही लागोपाठ लिहिली आहेत, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकेल, असे तुमच्या मनात आलेले दिसत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला आपल्या अर्जावर वडिलांचा क्रमांक आहे आणि ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येणार आहे, हे ठाऊक असते. आपले म्हणणे विचारले जाणार नाही हे एकदा कळले की मूल बहुधा भांडत नाही, ते बोलणे कमी करते. आणि घरातल्या माणसांना वाटते की ते अभ्यासात बुडाले आहे किंवा वयामुळे तुसडे झाले आहे.

या पासवर्डाचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो, तेही सांगते. सीईटीनंतर इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, विद्यार्थ्याने महाविद्यालय आणि शाखा यांचे पर्याय पसंतीच्या क्रमाने भरायचे असतात आणि तो अर्ज पासवर्ड वापरून निश्चित करायचा असतो. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप निश्चित होते आणि पुढील फेऱ्यांमध्ये बदल करण्याची संधी उरत नाही. म्हणजे तुम्ही एका रात्री बसून जो क्रम लावाल, तो सरकारदरबारी तिची पसंती म्हणून नोंदला जाईल, आणि ती पसंती तिने पाहिलेलीही नसेल. पुढे दुसऱ्या सत्रात तिचे विषय राहिले, तर ‘तूच तर हे घेतलेस’ असे तुम्हाला म्हणता येणार नाही आणि ‘हे मी निवडले आहे, मीच निभावून नेईन’ असे तिलाही स्वतःशी म्हणता येणार नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षे अवघड असतात. न आवडणाऱ्या विषयाच्या अभ्यासाला रात्री पुन्हा बसण्याचे बळ बहुतेक वेळा या दुसऱ्या वाक्यातूनच येते.

आता विहिरींविषयी. तुम्ही त्याला वेड म्हटले आहे. मला मात्र तुमच्या संपूर्ण पत्रात सर्वांत मोलाची माहिती तीच वाटली. या वयातील आवड बहुतेक वेळा एखाद्या चित्रफितीवर, एखाद्या आवडत्या शिक्षकावर किंवा मैत्रिणीच्या निवडीवर उभी असते आणि म्हणूनच ती तपासून घ्यावी लागते. तुमची मुलगी एका सुट्टीत उन्हातान्हात विहिरींवर गेली आणि त्या कामाचा कंटाळा कळल्यावरही दुसऱ्या सुट्टीत पुन्हा गेली. एका विहिरीत पाणी असते आणि शंभर पावलांवरची दुसरी विहीर कोरडी असते, हे तिने डोळ्यांनी पाहिले असणार आणि असे का होते, हा प्रश्न तिला पडला असणार. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. हा खडक वाळूसारखे पाणी धरून ठेवत नाही. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात, भेगांमध्ये आणि सच्छिद्र पट्ट्यांमध्ये, आणि या जागा दर काही पावलांवर बदलतात. तिचा प्रश्न हा जलभूशास्त्राचा, म्हणजे भूजलाच्या शास्त्राचा, पहिला प्रश्न आहे. दहावीच्या ९४ टक्क्यांपेक्षा मी या दोन सुट्ट्यांना अधिक वजन देईन.

आधी इंजिनिअरिंग करून घे आणि मग हवे ते कर, हा सल्ला आपल्याकडे इतक्या घरांतून दिला जातो की तो तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत तो सरळसरळ चुकीचा आहे. भूशास्त्राच्या एमएससीला प्रवेश घेण्यासाठी सर्वसाधारणपणे पदवीला भूशास्त्र शिकलेले असावे लागते. आयआयटी मुंबईच्या उपयोजित भूशास्त्राच्या एमएससीला जॅम या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो, तिथेही हीच अट आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळातील जलभूशास्त्रज्ञ या पदांसाठी संघ लोकसेवा आयोग जी परीक्षा घेतो, तिला त्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी तिथे चालत नाही. म्हणजे कॉम्प्युटरकडून भूशास्त्राकडे येणारी वाट जवळजवळ बंद आहे. उलट दिशेने पाहिले तर बारावीला गणित घेऊन भूशास्त्रात बीएससी झालेल्या मुलीला एमसीएची प्रवेश परीक्षा देता येते, व्यवस्थापनासाठी कॅट देता येते आणि नागरी सेवा परीक्षेला तर कोणत्याही शाखेची पदवी पुरते. ‘सगळे दार उघडे राहावे म्हणून इंजिनिअरिंग’ असे तुम्ही म्हणत असाल, तर तिला हवे असलेले नेमके दार त्याच निवडीने बंद होते, हे लक्षात घ्या. आवड नंतर जोपासता येते हे गाण्याबाबत किंवा चित्रकलेबाबत काही अंशी खरे असेल. ज्या विषयाला प्रयोगशाळा, नकाशे आणि क्षेत्रकार्य लागते, तो विषय रविवारी घरी बसून शिकता येत नाही.

स्कोपविषयी विचारले आहे, तर दोन्ही बाजू सांगते. केवळ बीएससीच्या बळावर भूशास्त्रात चांगली नोकरी मिळणे कठीण आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची एमएससी, किंवा नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि एका वर्षाची एमएससी, असा पाच वर्षांचा हिशेब धरूनच यात उतरावे. सरकारी पदे मोजकी असतात, त्यांच्या जाहिराती दरवर्षी सारख्या संख्येने निघत नाहीत, आणि इंजिनिअरिंगच्या महाविद्यालयांत होतात तशा कॅम्पस मुलाखतींची अपेक्षा इथे ठेवू नये. हे तिलाही स्पष्टपणे माहीत असले पाहिजे. दुसरीकडे, या राज्यात या ज्ञानाची गरज कमी होईल असे एकही चिन्ह नाही. भूजलाचे काम आहे, खनिजांचे आहे, बोगदे आणि धरणे यांच्या पायाचे आहे. २०१४ साली माळीण, २०२१ साली तळिये आणि २०२३ साली इर्शाळवाडी या गावांवर दरडी कोसळल्या. कोणता उतार घसरेल हे आधी ओळखण्याचे काम याच शास्त्राचे आहे. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा अभ्यास आजही कराडजवळ खोल विंधन-छिद्रांच्या साहाय्याने चालू आहे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आणि राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचे मुख्य कार्यालय, दोन्ही नागपूरला आहेत. तुम्हाला कॉम्प्युटरचे महत्त्व वाटते ते योग्यच आहे, आणि उपग्रहीय प्रतिमा व संगणकीय नकाशांशिवाय आज भूशास्त्राचे पान हलत नाही. ज्या महाविद्यालयात संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र दुय्यम विषय म्हणून घेता येते, तिथे तिने तो अवश्य घ्यावा.

‘मुलीच्या जातीला’ हे शब्द वाचून मला वाईट वाटले. क्षेत्रकार्यात राहण्याची सोय, सोबत आणि सुरक्षितता यांची चौकशी करणे हा पालकांचा अधिकार आहे आणि ती प्रत्येक महाविद्यालयात जाऊन नीट करावी. परंतु चौकशी करणे वेगळे आणि मुलगी म्हणून विषयच नाकारणे वेगळे. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करण्याची बंदी होती. २०१९ साली केंद्र सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांसाठी त्यात सूट दिली. जे कायद्याने मोकळे केले, ते घराने बंद करावे, हे मला पटत नाही. ती दोन सुट्ट्यांमध्ये गावोगाव गेली तेव्हा तुम्ही तिला जाऊ दिले होते, हेही तुम्हाला आठवत असेल.

जेईई, सीईटी, नीट या मार्गांची माहिती तुमच्या वर्गाने तुम्हाला दिलेलीच आहे, त्यावर मी जागा घालवत नाही. बीएससीच्या प्रवेशाचे वेळापत्रक मात्र बहुतेक पालकांच्या लक्षात राहत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत हे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात, निकालानंतर लगेच सुरू होतात, आणि कॅपच्या फेऱ्या येईपर्यंत चांगल्या महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्या लागून गेलेल्या असतात. भूशास्त्र हा विषय मुळात थोड्याच महाविद्यालयांत आहे. पुण्याचे फर्ग्युसन आणि मुंबईचे सेंट झेवियर्स ही त्यांतली जुनी नावे. तुमच्या विभागात आणखी कोठे तो शिकवला जातो, याची यादी आत्ताच करून ठेवावी लागेल. इंजिनिअरिंगचे काय होते ते पाहू आणि नाही जमले तर बीएससी, असे धरून बसलात, तर तेव्हा जागाच उरलेली नसेल.

तुमच्या मुलीनेही काही गोष्टी तपासाव्यात, अशी माझी तिला विनंती आहे. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढून तिने तो पूर्ण वाचावा. त्यात विहिरी लगेच येत नाहीत. स्फटिकांची रचना येते, खनिजांचे वर्गीकरण येते, पाठांतर येते आणि पुढे भौतिकशास्त्र व गणितही येते. इंजिनिअरिंगच्या गणिताला कंटाळून ती इकडे वळत असेल, तर इथेही तिची सुटका नाही. तिसऱ्या वर्षातील एखाद्या विद्यार्थिनीला भेटून, या विषयात तिला काय नकोसे वाटते, ते तिने विचारावे. आणि हे सगळे पाहून तिने कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच निवडले, तर तो निर्णयही मला तितकाच मान्य असेल.

परीक्षा संपेपर्यंत हा विषय घरात पुन्हा काढू नका. त्याआधी एकच गोष्ट करा : सीईटीच्या अर्जाचा पासवर्ड बदलायला तिलाच सांगा आणि नवा पासवर्ड तिच्याकडेच राहू द्या. ओटीपी तुमच्या मोबाईलवर आला, तर तो तिला वाचून दाखवा. हे पत्र आणि हे उत्तर, दोन्ही तिच्या हाती द्या. तिला राग येईल, कदाचित ती चार दिवस अधिकच गप्प राहील. तेवढे सोसावे लागेल. शेवटचा पेपर झाल्यावर, दोन सुट्ट्यांमध्ये मोजलेल्या पातळ्या तिने कोठे लिहून ठेवल्या आहेत ते विचारा आणि त्या आकड्यांचा अर्थ तिच्याकडून समजून घ्या. तासभर लागला तरी मध्ये बोलू नका. त्यानंतर बीएससी आणि इंजिनिअरिंग अशा दोन्ही अर्जांचा क्रम तिने लावावा. तुम्ही शेजारी बसा आणि खर्चाचा, अंतराचा, वसतिगृहाचा जो प्रश्न तुम्हाला खरोखर भेडसावतो, तो त्याच वेळी तिच्यासमोर मांडा. तिला मला काही विचारायचे असेल, तर तिने स्वतःच्या नावाने लिहावे. त्या पत्राचे उत्तर मी तिलाच देईन.