स्टोरी सुरूच नाही झाली

प्रश्न : ताई, मी दारव्ह्याचा. मित्रानं पेनड्राइव्हवर 'गमो' नावाचा अमेरिकन सिनेमा दिला, 1997 चा, हार्मनी कोरिन नावाच्या माणसाचा. दोन पोट्टे सायकलवर फिरून मांजरी मारतात अन् विकतात, एक पोरगं सशाचे गुलाबी कान लावून हिंडते, बस. दीड तास वाट पाहिली, स्टोरी सुरूच नाही झाली. पण डोक्यातून जाऊन बी नाही राहिला. याले सिनेमा म्हणाचं का? अन् आपल्या इकडं कोणी असा काढला तर?

उत्तर : भाऊ, स्टोरी नाहीच त्यात, तुझं काही चुकलं नाही. ओहायोतल्या झेनिया गावात 3 एप्रिल 1974 ला खरंच मोठं टोर्नाडो म्हणजे भोवऱ्यासारखं वादळ आलं, माणसं मेली, घरं गेली. सिनेमा तिथून सुरू होतो अन् मग वादळाला जवळपास विसरूनच जातो. शूटिंगही झेनियात नाही, बहुतेक टेनेसीतल्या नॅशव्हिलकडं झालं, कोरिन तिकडंच वाढलेला, म्हणजे वादळ हे निमित्त, गाव त्याच्या ओळखीचंच. मधेमधे घरच्या व्हिडिओसारखे तुकडे, बरेच लोक तर नट नाहीतच.

तो किचनमधला सीन आठवून पाहा, मोठी माणसं दारू पिऊन जमलेली अन् एक जण चक्क खुर्चीशी कुस्ती खेळतो, बाकीचे ओरडून राहिले. मला आपला पानठेलाच आठवला. भरतीचा फॉर्म भरला, निकाल नाही, सोयाबीन निघालं, भाव नाही, मग चार वाजता तिथंच उभं राहायचं अन् कोणाच्या तरी गाडीचा सायलेन्सर काढायचा. अशा दिवसाला इंटरव्हल कुठून आणायचा? म्हणूनच तो तुझ्या डोक्यातून जात नसंल.

पण मला तो सगळा नाही आवडला, खरं सांगते. काही जागी गरीब अन् अपंग माणसं सर्कशीत उभी केल्यासारखी वाटतात, तिथं मी सिनेमा पुढं पळवला.

आपल्या इकडं काढला तर? माझी भीती वेगळी आहे, बाहेरून कोणी येईल, कापसाची वाळलेली पराटी दाखवंल, मागून बासरी वाजवंल अन् पोट्ट्यांच्या तोंडी भाषण देईल. त्यापेक्षा तूच काढ. शकुंतला रेल्वे बंद पडल्यावर तुमच्या मोतीबाग स्टेशनात संध्याकाळी कोण कोण बसतं हे तुला माहीत, मोबाइल घेऊन जा, कोणाला काही विचारू नको, नुसतं बसू दे त्यांना. फक्त मांजरी नको बाबा, माझ्या घरी दोन आहेत.