‘लायब्ररीत स्कोप आहे का, मॅडम?’

मी करिअरचा सल्ला देते. पदवीचे निकाल लागले की हा प्रश्न हमखास समोर येऊन बसतो. ‘बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करू का? मोबाइल आल्यावर लायब्ररीत येतंच कोण?’ विचारणारी मुलं बहुतेक बी.ए., बी.कॉम. झालेली असतात आणि पोलीस भरती किंवा एमपीएससीसाठी गावच्या अभ्यासिकेत दोन-तीन वर्षं घालवलेली. त्यांच्यातल्याच एकीची गोष्ट इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ती वडिलांना घेऊन आली होती. ती बोलायच्या आत वडीलच बोलले, “मॅडम, पुस्तक काढून देयाले अन् पुन्हा ठेवाले डिगरी कायले लागते? मोबाइलवर तं सारंच दिसते आता.” ती मान खाली घालून बसली होती. मनातून तिलाही तसंच वाटत होतं.

चिंतेशी वाद घालून चिंता जात नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्या कामाची शंका आहे ते काम आधी हाताला लागू द्यावं. म्हणून आकडेवारी सांगत न बसता तिला पंधरा दिवसांचं काम दिलं. गावच्या वाचनालयात जायचं, शंभर पुस्तकं घ्यायची, दाखल नोंदवहीशी (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवतात ती वही) एकेक ताडून पाहायची आणि प्रत्येक पुस्तक कोणत्या विषयाचं हे स्वतः ठरवायचं. विषय ठरवताना कव्हर पाहायचं नाही. आधी अनुक्रमणिका, मग प्रस्तावना, आणि तरीही समजलं नाही तर मधली दोन पानं वाचायची.

पुढच्या भेटीत ती जवळजवळ रागातच बोलली. “मॅडम, शंभरात अकरा पुस्तकं भलत्याच जागी! एकाच्या कव्हरवर कापसाचं बोंड, नाव कादंबरीसारखं, म्हणून ते कादंबऱ्यांत. आत सारी कपाशीची लागवड. कोणालाच सापडलं नसेल.”

तिला म्हटलं, चुकीच्या जागी लावलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक. म्हणून तर पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युईच्या दशांश पद्धतीत कापसाला ६३३.५१ आणि मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ असे वेगळे क्रमांक आहेत. पुस्तकाच्या कण्यावर तळापासून इंचभर सोडून त्या क्रमांकाची चिठ्ठी लावतात, ती शोभेसाठी नसते. तिच्या यादीत ग्रेस आणि माणिक गोडघाटे हे दोन वेगळे कवी झाले होते; खरं तर ‘ग्रेस’ हे गोडघाटेंचंच टोपणनाव. संगणकावरही हेच होतं. ‘कोहा’ हे ग्रंथालयाच्या कामाचं मोफत सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालं आणि २००० साली तिथे सुरू झालं. आज आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत ते चालतं. पण एका लेखकाचं नाव तीन तऱ्हांनी भरलं, तर त्याच्या लेखी ते तीन लेखक. यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल, तर शोधताना मराठी शब्द सापडतच नाही. यंत्र शोधून देतं, पण नोंद नीट करायला माणूसच लागतो.

तिसऱ्या भेटीला आली तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता. ती वाचनालयात असताना एक शेतकरी आला आणि म्हणाला, ‘गुलाबी बोंडअळीवरच्या औषधाचं पुस्तक दे.’ शेजारच्या पोरांनी लगेच मोबाइलवर तीन व्हिडिओ काढून दिले. तिन्हींत औषधं वेगळी, प्रमाणं वेगळी. हिने मात्र उलट विचारलं, “काका, डोमकळ्या दिसून रायल्या का? सापळे लावले का? फवारा मारायचं ठरलंच आहे का?” (डोमकळ्या म्हणजे अळी आत शिरल्याने न उमलता मिटलेली कपाशीची फुलं.)

“मग?” एवढंच विचारून मी गप्प बसले.

ती थांबून थांबून बोलली. “मॅडम, त्यांनी मागितलं औषधाचं नाव. अन् त्यांना पाहिजे होतं, फवारा माराचा का नाही, हे.”

वाचनालयातलं कपाशीचं पुस्तक जुनं होतं. हिने आधी त्याचं साल पाहिलं, मग कृषी विद्यापीठाची अलीकडची मराठी पुस्तिका शोधली. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले, तर फवारणीचा विचार करायचा, हे त्यात मिळालं. तो माणूस औषध न घेता सापळे आणायला गेला. ज्या जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तिथे हे उत्तर किती मोलाचं, ते वेगळं सांगायला नको.

ग्रंथपालाचं काम इथे सुरू होतं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं एक आहे, ‘वाचकाचा वेळ वाचवा.’ मागितलेली वस्तू चटकन हातात देऊन तो वाचतोच असं नाही. त्याला नेमकं काय हवंय ते विचारल्याने वाचतो. आमच्या सल्ल्याच्या कामातही हेच आहे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिने गाठलं, आणि त्या दिवशी आपण दिलेलं काम बरोबर होतं याचं मला समाधान वाटलं.

मग वडिलांनाही तसंच विचारलं, “भाऊ, ‘स्कोप आहे का’ म्हणजे नेमकं काय विचारायचं आहे?” बराच वेळ ते टोपी हातात फिरवत राहिले. “फी भरतो मी, मॅडम. पण तीन वर्सं भरतीत गेले. अजून किती?”

भीती वर्षांची होती. म्हणून हिशेबही वर्षांचाच मांडला. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर बी.लिब. एक वर्षाचं. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांत हा विभाग आहे, आणि घरी राहून शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. त्यानंतर एम.लिब. ही पदव्युत्तर पदवी आणखी एक वर्ष. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. बी.लिब.नंतर थांबावंसं वाटलं, तर तिथेच थांबता येतं.

कमी पगाराचं मी लपवत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं आणि पगार त्यातूनच निघतो. गावच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयावर घर चालत नाही. ती जागा शिकण्यासाठी आणि सेवेसाठी धरावी. रोजीरोटीसाठी महाविद्यालयं, कृषी, वैद्यकीय व अभियांत्रिकी संस्था आणि ग्रंथालयांचं संगणकीकरण करून देणाऱ्या संस्था यांच्याकडे पाहावं. तिथे कोहा आणि युनिकोड मराठी येणारा, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातून प्रबंध आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातून पुस्तक काढून देणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो. कायम पदं थोडी निघतात, तेव्हा कंत्राटी अनुभवाची तयारी ठेवावी. प्रवेशाआधी एक आठवडा कुठल्याही ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी बसून पाहावं. दिवसभर माणसांचे प्रश्न ऐकून कंटाळा आला, तर पैसे भरू नयेत.

ती मुक्त विद्यापीठातून बी.लिब. करते आहे. रविवारी गावच्या वाचनालयात बसते. मागच्या भेटीत तिने एक दोनशे पानी वही दाखवली. प्रत्येक पानावर दोन रकाने आखलेले, ‘मागितलं’ आणि ‘पाहिजे होतं’. शेवटची नोंद अशी होती: मागितलं, सातवीचं गणित. पाहिजे होतं, लहान भावाला शिकवण्यापुरते अपूर्णांक.